गिरणी कामगाराचा मुलगा चंद्रावर

नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी, १९६७ साली, हिंदी पडद्यावर दोन भारतीय चंद्रावर उतरले. एकाचं नाव आनंद, दुसऱ्याचं भागू. आनंद म्हणजे दारासिंग आणि त्याचा साथीदार भागू म्हणजे भगवानदादा. टी. पी. सुंदरम यांनी दिग्दर्शित केलेला ‘चाँद पर चढाई’ हा तो कृष्णधवल चित्रपट. चंद्रावर पोचल्यावर या दोघांना नाना तऱ्हेच्या राक्षसी प्राण्यांशी आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या योद्ध्यांशी झुंजावं लागतं, एवढीच त्याची गोष्ट. नायिका पद्मा खन्ना, सोबत अन्वर हुसेन. पुढे वीस वर्षांनी दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये दारासिंग हनुमान झाला आणि पद्मा खन्ना कैकेयी. रविवारी सकाळी सगळा देश हात जोडून ज्यांना पाहत होता, त्यातले दोघंजण आधी चंद्रावर जाऊन आले होते, हे तेव्हा फार थोड्यांना आठवत असेल.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मात्र ते बऱ्याच जणांना आठवत होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हा चित्रपट गावातल्या एका टॉकीजला मॅटिनीला लागला आणि आम्ही पोरं तो दोनदा पाहून आलो. नंतर चाळीसेक वर्षं तो माझ्या डोक्यात नुसता नावापुरता होता. अलीकडे तो इंटरनेटवर सापडला. ओरखडे पडलेली, जागोजागी उड्या मारणारी प्रत. एका बैठकीत पूर्ण पाहिली. पाहताना हसू आलंच, पण त्याहून जास्त प्रश्न पडले. हा चित्रपट कुणासाठी काढला होता? विज्ञानकथेच्या आपल्या इतिहासात तो कुठे बसतो? आणि त्याला हसताना आपण नक्की कशाला हसतो? या लेखात मी या तीन प्रश्नांच्या मागे जाणार आहे.

*

आधी काळ लक्षात घेऊ. फेब्रुवारी १९६६मध्ये सोव्हिएत संघाचं लूना-९ हे यान चंद्रावर अलगद उतरलं आणि तिथल्या जमिनीची छायाचित्रं पृथ्वीवर आली. त्याआधी, १९६१च्या अखेरीस युरी गागारिन भारतात येऊन गेला होता आणि त्याला पाहायला तोबा गर्दी उसळली होती. केरळात थुंबा इथून २१ नोव्हेंबर १९६३ला पहिलं रॉकेट आकाशात गेलं. ते अमेरिकी बनावटीचं होतं. थुंब्याला तेव्हा धड इमारत नव्हती. मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये कार्यालय, बिशपच्या घरात कामाची जागा. सायकलच्या मागे रॉकेटचा भाग बांधून नेतानाचं छायाचित्र आज आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक शाळकरी मुलाने पाहिलेलं असतं.

म्हणजे ‘चाँद पर चढाई’ आला तेव्हा चंद्रावर हवा नाही, पाणी नाही, राजा नाही आणि राजकन्याही नाही, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक होतं. तरी या चित्रपटातल्या चंद्रावर माणसं मजेत श्वास घेतात, हिंदी बोलतात, गाणी म्हणतात. त्या चंद्राची वंशावळ शोधायची तर विज्ञानाकडे जाऊन उपयोग नाही. १९०२ साली फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने काढलेल्या चांद्रप्रवासाच्या मूकपटातही चंद्रावर उड्या मारणारी माणसं होती आणि त्यांचा राजा होता. आपल्याकडे १९६३ साली आलेल्या ‘कलै अरसी’ या तमिळ चित्रपटात परग्रहावरचा माणूस पृथ्वीवर येतो तो संगीत शिकवायला कुणीतरी हवं म्हणून, आणि नायिकेला पळवून नेतो. तिला सोडवणारा नायक एम. जी. रामचंद्रन. यान, पोशाख आणि दिवे नवे. पळवून नेलेली स्त्री आणि तिला सोडवणारा वीर मात्र जुनेच.

‘चाँद पर चढाई’ पुन्हा पाहताना हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. चंद्रावरचा दरबार हा राजाराणीच्या चित्रपटांतल्या दरबाराचा सख्खा भाऊ आहे. यान हे वाहन आहे. पूर्वी त्याच्या जागी उडता गालिचा असायचा. बाकी सगळा स्टंटपट.

*

स्टंटपट हा शब्द आता मागे पडला. तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांत मात्र तो हिंदी चित्रपटाचा कणा होता. वाडिया बंधूंचा ‘हंटरवाली’ १९३५चा. नादिया त्यात चाबूक घेऊन घोड्यावरून दौडते. मारामारी, पाठलाग, मुखवटे, घोडे, नंतर मोटारी. समीक्षक अशा चित्रपटांची दखल घेत नसत आणि घेतली तर नाक मुरडत. पण गिरणगावातल्या, बंदरावरच्या, रेल्वे वर्कशॉपातल्या लोकांच्या जोरावर ते चालत. पिटातल्या स्वस्त तिकिटावर त्यांचा खर्च वसूल व्हायचा.

भगवानदादा याच कारखान्यात तयार झाले. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, वडील कापड गिरणीत कामगार. त्यांनी स्वतःही काही काळ मजुरी केली. मूकपटाच्या काळात पडद्यावर आले आणि १९३८पासून दिग्दर्शन करू लागले. चाळीसच्या दशकात त्यांनी एकामागून एक स्वस्तातले मारधाडपट काढले. पासष्ट हजारांत ते चित्रपट पुरा करत आणि त्यासाठी नटांच्या जेवणापासून सगळ्याचा हिशोब स्वतः ठेवत, असं सांगितलं जातं. मग १९५१चा ‘अलबेला’ आला. सी. रामचंद्रांचं संगीत, गीता बाली नायिका, आणि भगवानदादांचं ते फक्त कंबर आणि खांदे हलवून केलेलं सोपं नृत्य. आजही वरातीत कुठल्याही माणसाला ते जमतं, यातच त्याचं मोठेपण आहे. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आठवड्याच्या वारागणिक एक अशा सात मोटारी झाल्या. पुढच्या चित्रपटांनी ते सगळं नेलं. भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळतील ती छोटी कामं करू लागले.

१९६७ साली चंद्रावर उतरलेला भागू हा उतरणीला लागलेला माणूस आहे. लहानपणी मला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तेव्हा तो फक्त हसवणारा सोबती होता. आता पाहताना दारासिंगच्या पोलादी छातीपेक्षा माझी नजर भागूवर जास्त राहिली. मुख्य माणसाच्या दोन पावलं मागे उभं राहायचं, आधी घाबरायचं, मग उडी घ्यायची, आणि पिटातल्या माणसाला ‘हा आपल्यातला’ असं वाटू द्यायचं, ही कला भगवानदादांच्या अंगात इतकी मुरलेली होती की चंद्रावरही ती त्यांना सोडून गेली नाही.

दारासिंगचं गणितही समजून घ्यायला हवं. तो आधी मल्ल, मग नट. हंगेरियन मल्ल किंगकाँगशी झालेल्या त्याच्या कुस्त्यांनी त्याचं नाव घरोघर पोचलं होतं. १९६८ साली त्याने मुंबईत लू थेझ या अमेरिकी मल्लाला हरवलं. बाबुभाई मिस्त्रींच्या १९६२च्या ‘किंगकाँग’पासून त्याच्या चित्रपटांची रांग लागली: ‘फौलाद’, ‘सॅमसन’, ‘हर्क्युलिस’, टारझन दिल्लीला येतो तो चित्रपट. मोठ्या नट्या त्याच्याबरोबर काम करायला तयार नसत, म्हणून मुमताजसारख्या नवोदित मुलींना संधी मिळाली. दारासिंगला ग्रीसमध्ये पाठवा, जंगलात पाठवा, सिकंदराच्या काळात पाठवा. तो शेवटी शड्डू ठोकून समोरच्याला उचलून आपटणार, याची प्रेक्षकाला खात्री असे. उरली होती ती एक जागा, चंद्र. निर्मात्यांनी तिथेही पाठवला.

*

सोलापुरात हा माणूस चालणारच होता. गावात तालमी होत्या, गिरण्या होत्या आणि पाळ्यांप्रमाणे चालणारं आयुष्य होतं. रातपाळी संपवून आलेला माणूस दुपारी झोपेतून उठून मॅटिनीला जाई. गावात घराघरांत भाषा वेगळी. पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू, कुठे लिंगायत घरांतलं कन्नड, कुठे दखनी, आणि रस्त्यावर सगळ्यांना समजेल असं सोलापुरी मराठी. या सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल असा चित्रपट म्हणजे ज्यात बोलणं कमी आणि हालचाल जास्त. हिंदी कच्ची असली तरी दारासिंग कळायला अडचण नव्हती. भागवतांच्या एकाच आवारात बरीच चित्रपटगृहं होती. एका खिडकीवर हाऊसफुल्लची पाटी लागली की माणूस दुसऱ्या खिडकीकडे वळे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळणे, सर्कशी आणि खेळ लागत. अशा गावात चंद्रावरची कुस्ती हा जत्रेचाच पुढचा मुक्काम होता.

आम्हा पोरांना मॅटिनीला नेणारे शेजारचे एक काका गिरणीत विणकाम खात्यात होते. पडद्यावर काही उडू लागलं, मग तो राक्षस असो की विमान, की ते खुर्चीत पुढे सरकत आणि म्हणत, “दोरा बघ बे, वर बघ. आपल्याच गावचा असंल.” आम्ही दोरा शोधायचो. कधी सापडायचा, कधी नाही. पण सापडला म्हणून मजा गेली असं एकदाही झालं नाही. उलट, दोरा कुणी धरला असेल, तो कुठे उभा असेल, त्याचा हात दुखला नसेल का, यावर परत येताना रस्ताभर चर्चा चाले.

त्या दोऱ्यालाही इतिहास आहे. विजय भट्ट यांनी १९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’ काढला. अदृश्य माणसाच्या इंग्रजी गोष्टीवर तो बेतलेला होता. त्यातल्या करामती बाबुभाई मिस्त्रींच्या. काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवायच्या. कॅमेऱ्याला दोरा दिसत नाही, वस्तू आपोआप तरंगताना दिसते. कृष्णधवल फिल्मवर काळ्यावर काळं विरून जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. दिवा जरा चुकीच्या कोनातून पडला की दोरा चमकतो आणि सगळं उघडं पडतं, म्हणून दिवे लावणाऱ्याचं कसबही तितकंच. या युक्तीवरून बाबुभाईंना ‘काला धागा’ असंच नाव पडलं. पुढे पौराणिकपटांत बाण एकमेकांना भिडले, देव आकाशातून उतरले, स्टंटपटांत माणसं अदृश्य झाली, ती याच परंपरेत. ज्या प्रेक्षकाचं पोट सुतावर चालत होतं त्याला हा धागा ओळखू येणं स्वाभाविक होतं. शेजारचे काका त्या चित्रपटाला फसत नव्हते. पलीकडे कुणीतरी काम करतंय हे त्यांना दिसत होतं, आणि ते चांगलं की वाईट याचं मत ते एका विणकऱ्याच्या अधिकाराने देत होते.

*

आता दुसरा प्रश्न. मराठीत विज्ञानकथेचा इतिहास सांगताना आपण सुरुवात करतो ‘केरळ कोकिळ’ मासिकापासून. त्यात १९००च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचं मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने आलं. म्हणजे मराठी विज्ञानकथेचं पहिलं पाऊलही चंद्रावरच पडलं. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचून दोन-तीन पिढ्या वाढल्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तिथून मराठी विज्ञानकथेला नवा जोर आला.

ही परंपरा मोठी आहे आणि मी तिच्यावरच वाढलो. ग्रंथालयातून आणलेला भा. रां.चा व्हर्न आणि मॅटिनीचा दारासिंग, या दोन्ही गोष्टी माझ्या एकाच सुट्टीत झालेल्या आहेत. पण या दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. पहिली परंपरा मासिकांतून, परिषदांतून, शाळेच्या ग्रंथालयातून चालली. तिला विज्ञानाचा प्रसार करायचा होता; चुकीचं विज्ञान सांगणं तिच्या दृष्टीने पाप होतं आणि ते बरोबरच होतं. दुसरी परंपरा पिटातून चालली. तिला काहीच शिकवायचं नव्हतं. पहिलीला वाचता येणारा माणूस लागायचा, दुसरीला फक्त तिकिटापुरते पैसे. दोघींना चंद्रच दिसत होता, पण एकीने त्याकडे दुर्बिणीतून पाहिलं आणि दुसरीने तिथे आखाडा खणला.

योगायोग असा की त्याच १९६७ साली तिसरा एक रस्ताही उघडू पाहत होता. सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात परग्रहावरचं यान उतरतं आणि त्यातल्या प्राण्याची एका गरीब मुलाशी मैत्री होते, अशी ती गोष्ट. कोलंबिया पिक्चर्सचा पैसा आणि पीटर सेलर्ससारखा नट यांची बोलणी झाली. चित्रपट निघालाच नाही. त्याच्याबद्दल पुस्तकं निघाली, लेख निघाले, हॉलिवुडमधल्या एका फार गाजलेल्या चित्रपटाशी त्याचं साम्य किती यावर वाद झाले. न निघालेल्या चित्रपटाचा इतिहास लिहिला गेला आणि निघालेल्या चित्रपटाचा राहून गेला. रायांची पटकथा श्रेष्ठ होती यात शंका नाही. तरीही, जे बनलं, लागलं, लोकांनी रांगा लावून पाहिलं, त्याच्याही नोंदीला काही जागा असायला हवी.

*

तिसरा प्रश्न हसण्याचा. आज इंटरनेटवर ‘चाँद पर चढाई’ची प्रसिद्धी आहे ती ‘किती वाईट, म्हणून किती मजेदार’ या रकान्यात. देशोदेशीचे हौशी लोक अशा चित्रपटांचा शोध घेतात आणि मित्र जमवून खिदळतात. मीही थोडा हसलो. पण हसू ओसरल्यावर जाणवलं की त्यातला मोठा भाग स्वस्तपणाला आहे. पुठ्ठ्याचं यान, रंगवलेलं आकाश, खेळण्यातल्यासारखी यंत्रं.

इथे एक विसंगती दिसते. थुंब्याच्या सायकलीला आपण हसत नाही. १९८१ साली ‘ॲपल’ हा उपग्रह चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवला होता, त्या छायाचित्राचा आपल्याला अभिमान वाटतो. मंगळयानाचा खर्च साडेचारशे कोटी रुपये, म्हणजे हॉलिवुडच्या ‘ग्रॅव्हिटी’ या चित्रपटापेक्षाही कमी, असं पंतप्रधानांनी २०१४ साली श्रीहरिकोट्याला सांगितलं आणि टाळ्या पडल्या. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हाही किती कमी पैशांत उतरलं याचीच चर्चा अधिक झाली. थोडक्यात, कमी पैशांत चंद्र गाठणं हा आपला राष्ट्रीय गुण ठरला आहे. मग कमी पैशांत पडद्यावरचा चंद्र गाठणाऱ्यांनीच काय घोडं मारलं?

एक उत्तर सरळ आहे: यान खरोखर उतरतं, चित्रपट नुसता उतरल्याचं नाटक करतो. हे मान्य. पण त्याने सगळं स्पष्ट होत नाही. रंगभूमीवर पुठ्ठ्याचा किल्ला चालतो, लोकनाट्यात तर किल्लाच लागत नाही, आणि आपण त्याला हसत नाही. मला वाटतं, या हसण्यात चित्रपटाइतकाच त्याचा प्रेक्षकही धरलेला असतो. हे खरं मानणारे लोक होते म्हणे, असं आपण मनातल्या मनात म्हणतो. ते खरं मानत नव्हते. त्यांना दोरा दिसत होता, हे वर सांगितलंच.

*

त्या प्रेक्षकाला यंत्राबद्दल काय माहीत होतं, हेही पाहण्यासारखं आहे. सोलापूरची चादर जॅकार्डवर विणली जाते. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जिथे भोक असेल तिथला हुक उभा धागा उचलतो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा धावतो. उचल, नको उचलू. या दोनच आज्ञांतून चादरीवर मोर आणि कमळं उमटतात. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास ही रचना फ्रान्समध्ये बसवली. १८३०च्या दशकात इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी हेच भोकांचे पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. संगणकाच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण इथे सुरू होतं. म्हणजे चित्रपटातल्या लुकलुकत्या दिव्यांच्या खोट्या यंत्रापुढे जो माणूस बसला होता, तो संगणकाच्या खऱ्या पूर्वजासमोर रोज उभा राहून कामाला जुंपलेला होता. त्याला यंत्राचं नवल नव्हतं. यंत्र कुणाच्या हुकमाने चालू होतं आणि कुणाच्या हुकमाने बंद पडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कारण सोलापूरने ते पाहिलं होतं. मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, गावाच्या तोंडी ‘जुनी गिरणी’, १८७७च्या सुमारास सुरू झाली. १९४९ साली व्यवस्थापनाने ती बंद केली आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली. त्याविरुद्ध चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. नव्या राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांवरच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांत हा खटला मोडतो. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. एवढं होऊनही जुनी गिरणी साठच्या दशकात कायमची थंडावली. दारासिंग पडद्यावर चंद्रावर जात होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर उरलेल्या मोठ्या गिरण्याही एकेक करून गेल्या. कामगार यंत्रमागावर गेले, विडीच्या पानांच्या आधारावर घरं तगली, पोरं पुण्याला गेली.

हे डोक्यात ठेवून ‘चाँद पर चढाई’ पाहिला की त्यातली कुस्ती वेगळी दिसते. चंद्रावर यंत्रं आहेत, शस्त्रं आहेत, फौज आहे. आपल्याकडचा माणूस तिथे जातो तो दोन दंड आणि एक दोस्त घेऊन. आणि तो जिंकतो. पडद्यावरचा भविष्यकाळ अंगमेहनतीच्या माणसाच्या बाजूने लागतो. व्हर्नच्या गोष्टीत तोफेचं गणित करणारा जिंकतो, नारळीकरांच्या गोष्टीत विचार करणारा. उद्याच्या जगात हमालीच्या, मागावरच्या, आखाड्यातल्या शरीराचं काय होणार, हा प्रश्न त्यांनी सहसा घेतला नाही. तो त्यांचा विषय नव्हता. दारासिंगच्या चित्रपटाने तो घेतला, आणि त्याचं अगदी भोळं, अशक्य उत्तर दिलं. खरं उत्तर गिरण्यांच्या दारांवरच्या कुलपांनी दिलं. पण चुकलेलं उत्तरही इतिहासात मोजायला हवं, कारण कुणाला कशाची आशा होती हे त्यातूनच समजतं.

*

असे चित्रपट टिकले किती, हा यातला दुःखाचा भाग. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते. चित्रपटाचं आयुष्य संपलं की प्रती धुऊन चांदी काढून घ्यायची, हा जुना धंदा होता. मोठ्या संस्थांचे चित्रपटही त्यात गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जमेल ते वाचवलं, पण तोवर मूकपटांचा बहुतेक ठेवा गेला होता. स्टंटपट तर कुणी जपून ठेवावा अशी वस्तूच नव्हती. भगवानदादांच्या चाळीसच्या दशकातल्या मारधाडपटांतले कितीतरी आता फक्त नावांच्या यादीत आहेत. ‘चाँद पर चढाई’ वाचला, पण तोही असा ओरखडलेला.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. मराठी विज्ञानकथेचा किंवा भारतीय विज्ञानपटाचा इतिहास जो कुणी पुढे लिहील त्याने या चित्रपटाला तळटीपेत टाकू नये. त्याची नोंद ‘विज्ञान’ या शब्दाखाली झाली नाही तरी चालेल; ‘कल्पना’ या शब्दाखाली व्हावी, आणि ती करताना प्रेक्षकांची नोंदही व्हावी. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, गिरणगाव इथे अशा मॅटिनी पाहिलेले लोक अजून आहेत. त्यांतले बरेच सत्तरीच्या पुढे आहेत. चित्रपटगृहांची तिकीट-खिडकी, पाळी आणि खेळ यांच्या वेळांचा मेळ, कुठल्या प्रसंगाला शिट्ट्या पडत, कुठे दोरा दिसत असे, हे सगळं त्यांच्याकडून लिहून घेता येईल. त्याला फार पैसा लागत नाही.

भगवानदादा ४ फेब्रुवारी २००२ला दादरला गेले. त्यांच्या निधनाच्या बातम्यांत ‘अलबेला’ होता, बंगला होता, सात मोटारी होत्या आणि शेवटची चाळ होती. चंद्र कुठे असल्याचं मला आठवत नाही. कापड गिरणीतल्या कामगाराचा मुलगा आर्मस्ट्राँगच्या आधी तिथे जाऊन, घाबरून, हसवून आणि लढून आला होता. निदान सोलापुरातल्या पोरांनी तरी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.